मदत हवी आहे: लाल प्लास्टिकच्या बॉडीवर पांढरा रंग गुलाबी पडतोय

रंगपेटी:
१/२४ प्रमाणातल्या स्पोर्ट्स कारचं प्लास्टिक मॉडेल किट आहे. बॉडी लाल प्लास्टिकची, गाडी मोतिया पांढरी करायची आहे. १००० नंबरच्या पॉलिश पेपरने घासून, साबणाने धुऊन राखाडी प्रायमरचे दोन हात दिले. त्यावर तामियाच्या टीएस-२६ प्युअर व्हाइट या लॅकर स्प्रेचे तीन हात. संध्याकाळी पांढरीशुभ्र दिसणारी बॉडी सकाळी बॉनेटच्या कडांना आणि दारांखाली गुलाबी झाली. चौथा हात दिला, तोही दुसऱ्या दिवशी गुलाबी. छतावर ऑरेंज पील (संत्र्याच्या सालीसारखा खडबडीतपणा) आहे, दारांच्या रेषाही बुजत चालल्या आहेत. टीएस-४५ पर्ल व्हाइट, डिकॅल (पाण्यात भिजवून लावायची चित्रं) आणि वरून द्यायचा पारदर्शक टीएस-१३ क्लिअर अजून बाकी आहेत. वरून आणखी रंग दिला तर गुलाबी झाकेल का, की सगळं काढावं लागेल? काढायचं तर कशाने?

कानसपट्टी:
आणखी रंग देऊ नका, सगळा काढा. प्लास्टिकमधलं लाल रंगद्रव्य लॅकरच्या सॉल्व्हंटमध्ये विरघळून वर येतं. प्रत्येक नवा ओला हात खालचे थर पुन्हा मऊ करतो, म्हणजे त्या लालीला पुन्हा वाट मिळते. राखाडी प्रायमर पकड देतो, पण लाली अडवत नाही.

काढायला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा. झाकणाच्या प्लास्टिक डब्यात बॉडी पूर्ण बुडेल एवढं घ्या. दर दोन तासांनी बाहेर काढून जुन्या टूथब्रशने घासा, परत बुडवा. रंग आधी सुरकुततो, मग पापुद्र्याने सुटतो. प्रायमर जास्त चिवट असतो. तो थोडा राहिला आणि गुळगुळीत असला तर हरकत नाही. काचा आणि क्रोमचे भाग त्या डब्यात टाकू नका. छताचे खांब बारीक असतात, घासताना बॉडी तिथे धरू नका. लॅकर थिनर किंवा अ‍ॅसिटोन अजिबात नको, किटचं प्लास्टिकच (पॉलिस्टायरिन) विरघळतं. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, जवळपास आग नको.

बॉडी कोरी झाली की रंगाआधी दारं, बॉनेट आणि डिकीच्या रेषा स्क्रायबरने (रेषा कोरायच्या टोकदार हत्याराने) खोल करा. जोर न लावता हलके चार-पाच फेरे मारा. जोर लावला की टोक रेषेतून निसटतं आणि दारावर ओरखडा येतो, मग पुटीचं काम वाढतं.

त्रिकोणी_आरसा:
वरच्याशी सहमत. खरा उपाय मात्र पुढच्या थरात आहे: पांढऱ्याच्या आधी चंदेरी. टीएस-१७ ग्लॉस अ‍ॅल्युमिनियम किंवा टीएस-३० सिल्व्हर लीफ, दोन्हींपैकी काहीही चालेल. त्यातल्या धातूच्या चपट्या कणांचा एकावर एक थर बसतो आणि लाली तिथेच अडते. क्रम असा ठेवा: राखाडी प्रायमर, चंदेरीचे दोन पातळ हात, एक पूर्ण दिवस वाळवण, पांढरा प्रायमर, मग टीएस-२६. पर्ल व्हाइट अर्धपारदर्शक असतो, त्यामुळे खालचा पांढरा एकसारखा झाल्याशिवाय त्याला हात लावू नका.

बॉडीवर जाण्याआधी चाचणी घ्याच. त्याच किटच्या लाल फ्रेमचा (ज्यात सुटे भाग जोडलेले येतात) तुकडा घ्या, अर्ध्यावर चंदेरी, अर्धा तसाच, वर दोन्हीकडे पांढरा. दोन दिवस ठेवून बघा. लाली कधीकधी उशिरा वर येते, तासाभरात निकाल लावू नका.

रंगपेटी:
धन्यवाद, चंदेरीचं माहीत नव्हतं. थेट पांढरा प्रायमर जाड दिला तर चंदेरी टाळता येईल का? आणि ऑरेंज पीलचं काय?

त्रिकोणी_आरसा:
नाही टाळता येणार. जाड ओल्या थरात सॉल्व्हंट जास्त वेळ टिकतं, त्यामुळे लाली उलट जास्त सुटते. पातळ हात आणि मध्ये वाळवण, हाच रस्ता.

ऑरेंज पील म्हणजे थेंब पसरून सपाट होण्याआधीच वाळले. कॅन थंड असेल तर थेंब मोठे पडतात, फार लांबून मारला तर ते हवेतच सुकतात. कॅन सुमारे ४० अंशांच्या कोमट पाण्यात पाच-सात मिनिटं ठेवा. उकळतं पाणी किंवा शेगडी कधीच नाही, कॅन फुटतो. मग मिनिटभर हलवा. अंतर २० ते २५ सेंमी, फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करून बाहेरच संपवा. पावसाळी, दमट हवेत रंगवू नका, लॅकरवर दुधी साय धरते.

कानसपट्टी:
डिकॅलबद्दल आधीच सांगतो, कारण तिथे सगळी मेहनत वाया जाऊ शकते. टीएस-१३ चा सॉल्व्हंट तीव्र असतो, पहिलाच हात ओला दिला तर डिकॅल सुरकुततात. डिकॅल लावून पूर्ण दिवस वाळू द्या, वरचा डिंक ओल्या कापडाने पुसा. मग क्लिअरचे तीन हात नुसत्या धुक्यासारखे, प्रत्येकामध्ये १५ मिनिटं. त्यानंतरच दोन ओले हात. आठवडाभर हात लावू नका, मग २००० आणि ३००० चा पेपर पाण्यात भिजवून घासा आणि कंपाउंडने चमकवा. बॉनेटच्या धारा आणि मडगार्डच्या कडा घासताना मास्किंग टेपने झाकून ठेवा. तिथे थर सगळ्यात पातळ असतो, दोन-चार फेऱ्यांत खालचा चंदेरी उघडा पडतो.