आधी अडतंय कुठे ते बघा

रायझन ५ २६०० प्रोसेसर, बी४५० मदरबोर्ड आणि जीटीएक्स १०६० ग्राफिक्स कार्ड असलेला पीसी पूर्ण बदलायचा की फक्त कार्ड, असा मूळ प्रश्न आहे. वर बहुतेकांनी "नवीनच घ्या" म्हटलंय, ते मला पटत नाही.

आधी एक चाचणी करा. ज्या गेममध्ये अडखळतं, त्यात रिझोल्यूशन एकदम खाली आणा. एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) चांगले वाढले तर कार्ड कमी पडतंय. जेमतेम तेवढेच राहिले तर प्रोसेसर. रॅमची एकच पट्टी असेल तर तेवढीच दुसरी टाका, ड्युअल चॅनलचा (दोन पट्ट्या एकत्र चालण्याचा) फरक जाणवतो.

या बोर्डावरच्या एएम४ सॉकेटची (प्रोसेसर बसतो ती जागा) खरी ताकद इथे कामी येते. बायोस (बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर) अपडेट केलं की त्याच बोर्डावर रायझन ५ ५६०० किंवा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. बोर्ड तोच, रॅम तीच. मात्र अपडेट जुना प्रोसेसर बसलेला असतानाच करा, नाहीतर नवा लावल्यावर स्क्रीन काळीच राहू शकते.

कार्ड घेताना लेन, म्हणजे कार्ड आणि बोर्डामधले डेटाचे मार्ग, बघाच. बी४५० वर पीसीआयई ३.० आहे, म्हणजे कार्डाच्या जोडणीची जुनी, कमी वेगाची पिढी. आरएक्स ६५०० एक्सटी फक्त ४ लेन वापरतं, तिथे बराच वेग जातो. ८ लेनवाल्या आरटीएक्स ४०६० चं नुकसान सहसा किरकोळ असतं.

पॉवर सप्लाय जुना असेल तर कार्डाआधी तो बदला. तो गेला तर सोबत बाकीचं घेऊन जाऊ शकतो.

चाचणीचे आकडे इथे टाका, मग नेमकं सांगता येईल.