नाचणीचं नेमकं काय पोटात जातं?
नाचणीसारख्या धान्यांच्या अर्काने लठ्ठपणा कमी होतो, या दाव्यावर ‘हे सगळे उंदरांवरचे प्रयोग, माणसाला लावू नका’ असं कुणी म्हटलं, तर तो मुद्दा मान्य. पण त्यावरून ‘धान्याचे अर्क म्हणजे निव्वळ मार्केटिंग’ म्हणणं जरा घाईचं वाटतं. मोहालीच्या राष्ट्रीय कृषी-अन्न जैवतंत्रज्ञान संस्थेचं २०१४ सालचं काम बघा. भरपूर चरबीच्या आहारावरच्या उंदरांना काहींना अख्खी नाचणी दिली, काहींना नुसता कोंडा. वजनवाढ रोखण्यात कोंडा सरस ठरला, शरीरातला दाहही (इन्फ्लमेशन, म्हणजे आतली सूज) उतरला. हा दाह महत्त्वाचा, कारण लठ्ठपणात चरबीच्या पेशी फुगतात, त्यांच्याभोवती मॅक्रोफेज (रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी) गोळा होतात आणि शरीर इन्सुलिनला, म्हणजे रक्तातली साखर आटोक्यात ठेवणाऱ्या संप्रेरकाला, दाद देईनासं होतं. काट्यावर यातलं काहीच दिसत नाही.

आता आपण काय करतो ते पाहू. आमच्या पार्ल्यात घरोघरी नाचणीचं सत्त्व करतात: भिजवायची, मोड आणायचे, वाटून पंच्याच्या फडक्यातून गाळायची. खाली बसलेला साका वाळवून डब्यात, आणि फडक्यात उरलेला तपकिरी चोथा थेट कचऱ्यात! पॉलिफेनॉल्स (वनस्पतींमधली अँटिऑक्सिडंट द्रव्यं) बहुतेक त्या चोथ्यातल्या सालातच, म्हणजे कोंड्यातच असतात. हाती लागतो तो मुख्यतः स्टार्च. बाळाला, आजाऱ्याला तो उत्तमच, पचायला हलका. पण पोट कमी करायचं म्हणून रोज सकाळी सत्त्वाची गोड खीर पिणारे आमच्या बिल्डिंगमध्ये कमी नाहीत (वर गूळ सढळ हाताने). त्यापेक्षा चक्कीवरून अख्खी नाचणी दळून आणा, पीठ न चाळता भाकरी थापा.