चेहऱ्याची एक बाजू कशामुळे बसकी दिसतेय ते आधी बघा

एक गाल बसका दिसत असेल तर हायलुरॉनिक अ‍ॅसिडचं फिलर (कातडीखाली इंजेक्शनने भरायचं जेल) भरून घ्यावं, नाही आवडलं तर विरघळवता येतं, असा सल्ला दिला जातो. हायलुरोनिडेज या एन्झाइमच्या इंजेक्शनने ते विरघळतं हे खरं, पण कॅल्शियम हायड्रॉक्सिअ‍ॅपेटाइट या दुसऱ्या प्रकारच्या फिलरवर त्याचा उपयोग होत नाही. म्हणून सिरिंजच्या खोक्यावरचं नाव स्वतः वाचा. हायलुरोनिडेज त्या क्षणी क्लिनिकमध्ये हाताशी आहे का, हेही विचारा. फिलर चुकून रक्तवाहिनीत गेलं तर कातडी पांढरी पडते, दुखतं, क्वचित दृष्टीही जाते. तेव्हा औषध मागवत बसायला वेळ नसतो.

पण गाल बसका का दिसतो, त्या कारणाबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या धाकट्या बहिणीला डावा गाल भरायचा होता. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तिला आरशासमोर बसवून दात आवळायला लावले आणि तिचीच बोटं जबड्यावर ठेवली. उजवीकडचा चावण्याचा स्नायू सुपारीसारखा टणक, डावीकडे जेमतेम लागत होता. डावीकडची दाढ काढल्यापासून चार वर्षं ती उजवीकडूनच चावत होती! आधी दाढ बसवली, उजव्या स्नायूत बोटॉक्स (स्नायू सैल करणारं इंजेक्शन) दिलं. तीन महिन्यांनी तिला फिलरची गरजच वाटली नाही. सगळ्यांचं असंच होईल असं नाही, हाडातच फरक असेल तर फिलर उपयोगी पडतं.

आणि कृपा करून, चेहरा अचानक एका बाजूला ओढला गेला, डोळा मिटेना, तर फिलरचा विचारही नको, तडक हॉस्पिटल गाठा. बेल्स पाल्सी (चेहऱ्याच्या नसेमुळे अचानक होणारा चेहऱ्याचा लकवा) असेल तर स्टेरॉइड ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि पक्षाघात असेल तर तेवढाही वेळ नसतो.