सिसप्लॅटिन: एवढं सलाईन का लावतात? आणि कानात आवाज येणं नॉर्मल आहे का?

गुजरीकर
बाबांचं (वय ६३) गालाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. आता रेडिएशन चालू आहे आणि सोबत दर आठवड्याला सिसप्लॅटिन हे केमोचं औषध, ६० मिलीग्रॅम. तीन झाले. आमचं कोल्हापुरात सोनारकाम. औषधात प्लॅटिनम असतं हे कळल्यावर बाबांनी सिस्टरना विचारलं, "किती भरतंय?" त्या नुसत्या हसल्या.

औषधाची बाटली तासाभरात संपते, मग आधी आणि नंतर एवढं सलाईन कशाला? सकाळी आठला गेलेले आम्ही दिवेलागणीला घरी येतो. बाबा सारखे स्टँड ढकलत लघवीला. उलट्या नव्हत्या म्हणून तिसऱ्या वेळी त्यांनी घरच्या गोळ्या घेतल्याच नाहीत, तर दुसऱ्या रात्री जे सुरू झालं ते पहाटेपर्यंत.

आणि एक बारीकशी गोष्ट. परवा दुकानात येऊन बसले होते. जुना चांदीचा रुपया मोडीला आला होता. फरशीवर वाजवून म्हणाले, "बद्द आहे, घेऊ नको." मी तपासला, अस्सल निघाला. मला तर खणखणीत ऐकू आला. थकवा असेल ना? रात्री कानात रातकिडे ओरडतात म्हणतात. डॉक्टरांना सांगू देत नाहीत, "केमो बंद करतील" म्हणून.

डेकेअरची_ताई
दादा, मी २२ वर्षं केमोच्या डेकेअरला काढली. शेवटापासून सुरुवात करते, कारण ती गोष्ट बारीक नाही.

रुपया बद्द वाजला तो थकव्याने नसावा. हे औषध आतल्या कानातल्या ऐकण्याच्या नाजूक पेशी मारतं, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. बारीक, उंच आवाज आधी जातात. बोलणं नीट ऐकू येतं, म्हणून घरच्यांना पत्ताच लागत नाही. रातकिडे ही त्याचीच खूण. पुढचा डोस लागायच्या आधी डॉक्टरांना सांगा आणि ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करून घ्या. सांगितलं म्हणजे उपचार संपले असं नसतं. ज्यांना सिसप्लॅटिन चालत नाही त्यांच्यासाठी डोसिटॅक्सेल या केमोच्या दुसऱ्या औषधाचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच झालाय. काय द्यायचं ते डॉक्टर ठरवतील, पण त्यांना कळलं तर ना!

आता वजन. औषधाच्या वजनात ६५ टक्के प्लॅटिनम, म्हणजे ६० मिलीग्रॅममध्ये साधारण ३९. बाबांना सांगा, गुंजेचा तिसरा हिस्सा. मोडीला निघायचं नाही!

एवढ्याशा धातूचं काम असं: प्लॅटिनमच्या अणूला दोन क्लोरीन धरून असतात. रक्तात खारटपणा, म्हणजे मिठातलं क्लोरीन, भरपूर, तिथे ते सुटत नाहीत. पेशीच्या आत तो कमी, तिथे सुटतात, आणि मोकळा झालेला प्लॅटिनम डीएनएतले शेजारचे दोन दुवे पकडून बसतो. साखळीच्या दोन कड्यांना चुकून झाळ लागली तर साखळी तिथे वाकडी होते, तसंच. पेशीला विभागताना डीएनएची नक्कल काढायची असते, ती तिथे अडते. दुरुस्ती जमली नाही की पेशी स्वतःच मरते. रेडिएशनही डीएनएच तोडतं, म्हणून दोन्ही जोडीने देतात. हा गुण सापडला तोही चुकून. १९६५ मध्ये अमेरिकेत रोझेनबर्ग नावाचे शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा परिणाम बघत होते. जिवाणूंचे दोन भाग होईचनात, ते नुसते दोऱ्यासारखे लांब वाढले. करामत विजेची नव्हती, वीज सोडायच्या तारांमधल्या प्लॅटिनमची होती.

पण औषधाला आपली पेशी आणि कॅन्सरची पेशी यातला फरक कळत नाही. मूत्रपिंडात ते साठतं आणि तिथल्या नळ्या जाळतं, म्हणून सलाईन. लघवी धो धो व्हायलाच हवी, बाबांचं स्टँड ढकलणं चांगलंच आहे. मॅग्नेशियमही वाहून जातं, ते तपासतात का विचारा. तोंड दुखतं म्हणून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका, मूत्रपिंडावर दुहेरी मार बसतो. ताप १००.४ च्या वर गेला तर रात्र असली तरी निघा. आणि उलटी या औषधात उशिरानेही येते, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. गोळ्या ती येऊ नये म्हणून असतात, आल्यावर घ्यायला नव्हे.

अर्धा_कप
माझे सहा झाले, दोन वर्षं होतील. केस थोडेच गेले. पण बोटांना मुंग्या आहेत, शर्टाचं वरचं बटण अजून बायको लावते. मीही तेव्हा बोललो नव्हतो. काका बारीक काम करतात, बोटांचंही विचारा.

गुजरीकर
ताई, आज तपासणी झाली. दोन्ही कानांत वरचे आवाज उतरलेत. चौथा डोस थांबवलाय, सोमवारी डॉक्टर औषध बदलायचं बघणार आहेत. बोटं अजून ठीक आहेत. बाबांना आलेख दाखवला. बराच वेळ बघून म्हणाले, "म्हणजे रुपया खरा होता. गिऱ्हाइकाला फोन कर."