ल्युटिनो नर, हिरवी मादी: पीचफेसला पिवळी पिल्लं आली, फिशरला एकही नाही. असं का?

चोचीतलंपान
नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. जरा लांबलंय पण सगळंच लिहितो म्हणजे कुणाला परत विचारायला लागणार नाही.

माझ्याकडे लव्हबर्डच्या दोन जोड्या आहेत. पहिली पीचफेसची, नर ल्युटिनो आणि मादी साधी हिरवी. ५ पिल्लं झाली, ३ पिवळी आणि २ हिरवी. पिसं पाठवून डीएनए करून घेतलं तर तिन्ही पिवळ्या माद्या निघाल्या आणि दोन्ही हिरवे नर. दुसरी जोडी फिशरची, तिथंही नर ल्युटिनो आणि मादी हिरवी, म्हणजे वरून बघितलं तर अगदी तोच मामला. पण दोन क्लच (अंड्यांच्या खेपा) झाले, मिळून ७ पिल्लं, आणि सातच्या सात हिरवी!! त्यातल्या ४ माद्या आहेत, डीएनए केलंय.

मला सांगण्यात आलं की नराचं रक्त कच्चं आहे, पिवळा दिसतो पण रंग पुढे देत नाही, बदलून टाका. म्हणून परवा नराला वेगळ्या पिंजऱ्यात काढला. तेव्हापासून मादी जाळीला चिकटून ओरडतेय आणि तो समोरच्या दांडीवर तिच्याकडे तोंड करून बसून राहतो, दाणे पण नीट खात नाहीये. बघवत नाही म्हणून आज लिहितोय. नर खरंच बदलायचा का? आणि या सात पिल्लांत ल्युटिनोचं काही असेल का? "मादी कधीच स्प्लिट नसते" (स्प्लिट म्हणजे रंग दिसत नाही पण आत लपलेला असतो) असं पण वाचलंय, मग त्या ४ माद्या फुकटच गेल्या का?

हिरवीचोच
पहिल्या जोडीचं एकदम बरोबर झालंय. ल्युटिनो सेक्स-लिंक्ड असतो. पक्ष्यांत नराकडे दोन झेड क्रोमोसोम असतात आणि मादीकडे एक झेड एक डब्ल्यू, आपल्या उलट. ल्युटिनो करणारा जीन म्हणजे इनो, तो झेडवर बसलेला असतो. बापाचे दोन्ही झेड इनोवाले, मुलीला झेड फक्त बापाकडून मिळतो, डब्ल्यू आईकडून, म्हणून प्रत्येक मुलगी पिवळी. मुलाला एक झेड बापाचा आणि एक आईचा, आईचा साधा, म्हणून मुलगे दिसायला हिरवे पण आतून स्प्लिट. तुम्ही डीएनएचे पैसे उगाच घातले, या जोडीत रंग बघूनच नर-मादी कळते.

आता याच हिशोबानं फिशरच्या चारही माद्या पिवळ्याच यायला हव्या होत्या. एकही नाही म्हणजे बाप हा नर नाहीच, दुसराच कुणीतरी आहे. मादी कॉलनीत, म्हणजे बऱ्याच पक्ष्यांच्या एकत्र पिंजऱ्यात होती का आधी? मला तरी तेच वाटतंय.

जुनीरिंग
थांबा थांबा, नर बदलू नका आणि मादीवर आळ पण घेऊ नका. दोघं निर्दोष आहेत, आजच परत एकत्र सोडा.

हिरवीचोच यांनी पहिल्या जोडीचं जे लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. पण तो नियम पीचफेसच्या ल्युटिनोचा आहे. फिशरचा ल्युटिनो वेगळा. फिशर, मास्क, निग्रिजेनिस, लिलियन या डोळ्याभोवती पांढरं कडं असलेल्या चार जातींमध्ये जो ल्युटिनो आपण पाळतो तो सेक्स-लिंक्ड नाहीच, तो साधा रेसेसिव्ह आहे. म्हणजे तो जीन झेडवर नाही, दुसऱ्याच क्रोमोसोमवर आहे, तिथं नर-मादी हा भेदच येत नाही, दोघांकडेही दोन-दोन प्रती असतात. पिवळं दिसायचं तर दोन्ही प्रती इनोच्या लागतात, एक बापाकडून आणि एक आईकडून. तुमची मादी साधी हिरवी, तिच्याकडून इनो आला नाही, म्हणून सगळी पिल्लं हिरवी. हे चुकलं नाहीये, असंच व्हायला हवं होतं.

नाव एकच असल्यामुळे हा घोळ कायम होतो. मूळच वेगळं आहे हो. कडेवाल्यांमधला ल्युटिनो १९३० च्या दशकात ऑस्ट्रेलियात लिलियनमध्ये दिसला आणि तिथून संकर करत करत बाकीच्यांत नेला गेला. पीचफेसमधला त्यानंतर खूप उशिरा, १९७० च्या सुमारास अमेरिकेत आला. काम दोन्ही एकच करतात, पिसांतलं काळं रंगद्रव्य म्हणजे मेलॅनिन बनू देत नाहीत. मेलॅनिन गेलं की पिसाच्या रचनेमुळे दिसणारा निळा गेला, आणि हिरवा म्हणजे तरी काय, पिवळ्यावर तो निळा, मग खाली उरला नुसता पिवळा. तोंडाचा लाल-केशरी तसाच राहतो कारण ते रंगद्रव्य वेगळं. पीचफेसच्या ल्युटिनोची कंबर बघा, जिथं हिरव्याला निळा ठिपका असतो तिथं याला पांढरं दिसतं.

तुमच्या सात पिल्लांचं सांगायचं तर सातही स्प्लिट इनो आहेत. शंभर टक्के. बाप दोन्हीकडून इनो आहे, तो दुसरं काही देऊच शकत नाही. नर असो वा मादी. "मादी स्प्लिट नसते" हे वाक्य फक्त सेक्स-लिंक्ड रंगांपुरतं खरं आहे, पीचफेसचा इनो, ओपलाइन, सिनॅमन, पॅलिड वगैरे. तिथं मादीकडे झेड एकच, एक तर रंग दिसणार नाहीतर नसणार, लपायला जागाच नाही. रेसेसिव्ह रंगात मादी मस्तपैकी स्प्लिट असते. तुमच्या ४ माद्या फुकट गेल्या नाहीत, उलट खात्रीच्या स्प्लिट आहेत आणि कागदावर बाप माहीत आहे. अशा माद्या शोधत लोक फिरतात.

आणि ते "रक्त कच्चं आहे" वगैरे ऐकलं की मला मनापासून वाईट वाटतं. त्या एका वाक्यामुळे किती चांगल्या जमलेल्या जोड्या मोडल्या गेल्या असतील.

हिरवीचोच
जुनीरिंग, मनापासून आभार. मी पीचफेसच पाळले आजवर, फिशरला पण तेच लावलं. चोचीतलंपान, माझ्या वरच्या उत्तरातला दुसरा परिच्छेद सोडून द्या, मादीबद्दल तसं लिहायला नको होतं.

पण एक शंका, मादी पण लपून स्प्लिट असती आणि नशिबानं सगळी हिरवी आली असती असं नाही का होऊ शकत?

जुनीरिंग
होऊ शकतं पण फार अवघड. मादी स्प्लिट असती तर प्रत्येक अंड्याला निम्मी शक्यता पिवळ्याची. सात वेळा सलग हिरवं येणं म्हणजे २ ने सात वेळा भागायचं, १२८ मध्ये एकदा. त्यामुळे मादी साधी हिरवीच धरून चाला. याचं उलटंही लक्षात ठेवा, एकच पिल्लू जरी पिवळं आलं असतं तर मादी स्प्लिट हे तिथंच पक्कं झालं असतं, मग बाकी कितीही हिरवी येवोत. लोक एका क्लचमधली तीन-चार पिल्लं बघून निकाल लावतात तिथं चुकतं. टक्केवारी प्रत्येक अंड्याला नव्यानं लागते, चार अंडी आहेत म्हणजे त्यातलं एक पिवळं असणारच असं काही नाही.

पिंजऱ्याबाहेर
वाचून खूप शिकायला मिळालं. मी पुढचं विचारू का, मला अ‍ॅक्वा आणि टर्क्वाइज या निळसर रंगांचं गणित कधीच जमलं नाही. एक हिरवा पीचफेस नर आणलाय, "स्प्लिट अ‍ॅक्वा स्प्लिट टर्क्वाइज" असं सांगून दिलाय. शिवाय "स्प्लिट डार्क" पण म्हणाले. एवढं सगळं एकात बसतं का?

तुरा
हे मी सांगते, माझा सगळा वेळ याच रंगांत गेलाय.

अ‍ॅक्वा आणि टर्क्वाइज हे दोन वेगळे जीन नाहीत, एकाच जागेवर बसणारे दोन प्रकार आहेत. ती जागा म्हणजे एक बाक समजा ज्यावर फक्त दोघंच बसू शकतात. हिरव्या पक्ष्यात एक जागा हिरव्यानं घेतलेली असायलाच हवी कारण हिरवा वरचढ. मग उरली एकच. तिथं अ‍ॅक्वा बसेल किंवा टर्क्वाइज, दोन्ही नाही. म्हणून हिरवा पक्षी दोन्हीला स्प्लिट असूच शकत नाही, देणाऱ्याला स्वतःलाच माहीत नसणार कुठला आहे ते. कदाचित आईबापातला एक सीग्रीन असेल, म्हणून दोन्ही नावं ठोकून दिली.

दोन्ही जागांवर एकेक बसले की तो सीग्रीन, म्हणजे अ‍ॅक्वाटर्क्वाइज, अंगावर निळसर आणि हिरवट असं दोन्ही मिसळलेलं दिसतं. अ‍ॅक्वा गुणिले टर्क्वाइज लावलं तर सगळीच पिल्लं सीग्रीन. सीग्रीन गुणिले सीग्रीन लावलं तर पाव अ‍ॅक्वा, अर्धी सीग्रीन, पाव टर्क्वाइज. टर्क्वाइजचं तोंड जवळपास पांढरं होतं, अ‍ॅक्वाचं फिकट पीच राहतं, तिथूनच ओळखायचं. अ‍ॅक्वा नेदरलँड्समध्ये १९६३ साली आला म्हणून जुने लोक अजून डच ब्लू म्हणतात, पण मास्कमध्ये जसा खरा ब्लू असतो तसा हा नाही, पिवळं रंगद्रव्य कमी होतं, पूर्ण जात नाही. मास्कचा ब्लू तर जंगलातच सापडला होता, १९२७ च्या सुमारास पकडून आणलेल्या पक्ष्यांत. आणि म्हणूनच पीचफेसमध्ये अ‍ॅक्वावर इनो चढला की पांढराशुभ्र अल्बिनो न होता सायीसारखा क्रीमिनो होतो.

आता "स्प्लिट डार्क". असं काही नसतंच. डार्क फॅक्टर अर्धा-डॉमिनंट आहे, एक मात्रा असली तरी दिसतो. हिरव्यात एक आला की गडद हिरवा, ज्याला जेड म्हणतात, दोन आले की ऑलिव्ह. कडेवाल्यांच्या ब्लूमध्ये एक आला की कोबाल्ट, दोन आले की मॉव्ह. लपत नाही, म्हणून स्प्लिट नाही. ऑलिव्ह गुणिले साधा हिरवा लावलं तर सगळे जेड, एकही ऑलिव्ह नाही आणि एकही साधा नाही. तुमचा नर उजेडात घ्या आणि साध्या हिरव्याच्या शेजारी धरा, कंबर बघा. साध्याची निळी झगझगीत असते, जेडची जास्त गडद. दिसलं तर आहे, नाही दिसलं तर नाही.

फक्त व्हायोलेट जरा फसवतो. तोही डॉमिनंटकडे झुकणारा पण हिरव्या पक्ष्यावर इतका कमी कळतो की लोक त्याला जेड समजून देऊन टाकतात. ब्लूवर एक डार्क आणि त्यावर व्हायोलेट असा पक्षी आला की मग खरा जांभळा कळतो.

चोचीतलंपान
जुनीरिंग, तुमचं वाचल्या वाचल्या नराला परत सोडला. दार उघडल्यावर तो आधी दोन मिनिटं हललाच नाही, मग एकदम उडून तिच्या शेजारी जाऊन बसला आणि तिनं त्याच्या डोक्यावरची पिसं विंचरायला घेतली, अर्धा तास तेच चाललं होतं. मला खरंच अपराधी वाटलं.

आता पुढचं. फिशरमध्ये ल्युटिनो हवे असतील तर त्या ४ माद्यांतली एक बापालाच लावू का? बाप तर घरचाच आहे. आणि पीचफेसच्या पिवळ्या माद्या भरपूर आहेत, त्यातली एखादी फिशरच्या स्प्लिट नराला दिली तर?

जुनीरिंग
पीचफेस आणि फिशर कधीच नाही!! पिल्लं होतात, पण वांझ निघतात, खेचरासारखी. आणि रंगाचंही काही जमणार नाही, दोघांचे इनो वेगवेगळ्या जागेवर आहेत. तुमच्या मादीचा झेड पीचफेसचा, नराची प्रत दुसऱ्याच क्रोमोसोमवर, एकमेकांना गाठच पडत नाही. या संकराची एक गोष्ट मला फार लागते. पीचफेसची मादी कागदाच्या पट्ट्या कातरून कमरेच्या पिसांत खोचून घरट्यात नेते, फिशर चोचीत धरून नेते. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या डिल्गर या संशोधकांनी या दोघांचे संकर केले होते, त्यांचा लेख १९६२ मध्ये आला. ती संकरित पाखरं पट्टी पिसांत खोचायला जायची, जमायचं नाही, गळून पडायची, परत उचलायची. चोचीतून न्यायचं शिकायलाच त्यांना खूप काळ लागला. नुसत्या रंगाच्या हौसेपायी आपण पक्ष्याला कुठं नेऊन सोडतो ते त्यातून कळतं.

मुलगी बापाला लावली तर निम्मी पिल्लं पिवळी येतील हे खरं, बहीण-भाऊ लावले तर पाव येतील. पण जवळचं रक्त नको. अंडी भरत नाहीत, पिल्लं बारीक राहतात. बाहेरून, नात्यात नसलेली ल्युटिनो फिशर बघा आणि तुमच्या स्प्लिटला लावा. निम्मी पिवळी, आणि उरलेली निम्मी हिरवी सगळी खात्रीची स्प्लिट. स्प्लिटला स्प्लिट लावलं तर पाव पिवळी येतात खरी, पण उरलेल्या हिरव्यांत तीनातली दोन स्प्लिट आणि एक साधं, आणि दिसायला तिन्ही सारखी. तिथूनच "पॉसिबल स्प्लिट" नावाचा गोंधळ चालू होतो.

पिवळं कुठलं हे पिसं यायची वाट बघायला लागत नाही. पहिल्याच दिवशी पिल्लू तळहातावर घ्या, डोळे मिटलेले असतात पण पातळ कातडीतून बाहुली दिसते. हिरव्याची काळी, इनोची लालसर. पटकन बघा आणि ठेवा, गार पडतात.

तुरा
आणि पायात ओळखीच्या रिंगा घाला. सातही आत्ताच, मोठी झाली असतील तर उघडमिट होणाऱ्या प्लास्टिकच्या. वहीत रिंगचा नंबर, आई, बाप, जन्मतारीख, आणि समोर "स्प्लिट इनो, फिशर". फिशर हा शब्द नक्की लिहा.

चोचीतलंपान
आज सातही पिल्लांना निळ्या रिंगा घातल्या, एकानं बोटाला चांगलंच चावलं. वही पण केली. मादी सकाळपासून नेस्ट बॉक्समध्ये जाऊन येऊन करतेय आणि नर बाहेर दारावर बसलाय. यावेळी पण सगळी हिरवीच येणार हे माहीत आहे, तरी पहिल्या दिवशी डोळे बघणारच.