सर्व्हर निवडता येत नाही, म्हणून येऊच नये?

उंबरठा:
परवा येथील एका जाणकार सदस्यांनी लिहिले की, ज्याला सर्व्हर निवडण्याचे कष्ट नकोत त्याने मॅस्टोडॉनवर येऊच नये, तेवढी चाळणी हवीच. (मॅस्टोडॉन म्हणजे ट्विटरसारखेच, पण एका कंपनीऐवजी अनेकांनी चालवलेल्या, एकमेकांशी जोडलेल्या सर्व्हरांचे जाळे; खाते त्यांतल्या एकावर काढावे लागते.) दोन दिवस गप्प बसलो, पण आता राहवत नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटरची मालकी मस्क यांच्याकडे गेली आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांत मॅस्टोडॉनवर नव्या खात्यांची रीघ लागली; महिन्याला सक्रिय असणाऱ्यांची संख्या २५ लाखांच्या आसपास पोहोचली. पुढच्या काही महिन्यांत त्यांतले पुष्कळ जण आले तसे निघून गेले. त्या लाटेत मीही घरचे आणि मित्रमंडळी मिळून बारा जणांना ओढून आणले होते. आज दोघे उरले आहेत, आणि याचा दोष मी त्या दहा जणांना देणार नाही. प्रत्येकाला मी आधी विकेंद्रीकरणावर अर्धा तास ऐकवले, मग सर्व्हरांची लांबलचक यादी समोर ठेवली आणि अखेर त्यांना एका रिकाम्या पानावर नेऊन सोडले, जिथे ओळखीचे कोणी नव्हते आणि काय वाचावे हे सांगणारेही कोणी नव्हते. माझी ताई म्हणाली, "तू मला गप्पांना बोलावतो आहेस की परीक्षेला?" तिने पुन्हा खाते उघडून पाहिले नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, माणूस तत्त्वासाठी येत नाही, माणसांसाठी येतो. त्याला आपल्याच सर्व्हरवर जागा द्या, त्याच्या आवडीची वीस खाती निवडून द्या आणि पहिला महिनाभर त्याच्या लिखाणाला उत्तर द्या. हे करायची तयारी नसेल तर कोणाला बोलावूच नका. मॅस्टोडॉनच्या अधिकृत अ‍ॅपनेही मे २०२३ पासून नवख्याला थेट मॅस्टोडॉन डॉट सोशल हा त्यांचा स्वतःचा मोठा सर्व्हर सुचवायला सुरुवात केली. म्हणजे हा गुंता त्या मंडळींनाही कळला होता, आपल्याकडच्या जाणकारांना मात्र तो अजून गुणच वाटतो.

खांबाआड:
ते वाक्य माझेच आहे आणि मी ते मागे घेणार नाही.

आपण बारा जण आणलेत, पण त्या नोव्हेंबरात रात्री कोणी जागवल्या हे आपण विचारले नाहीत. मी एक छोटा सर्व्हर चालवतो. इतर सर्व्हरांवरच्या चित्रांच्या प्रती साठत जाऊन डिस्क भरत होती, कामांची रांग तासन्‌तास तुंबत होती आणि तक्रारी निस्तरायला मी एकटा होतो. सगळ्यांना एकाच मोठ्या सर्व्हरवर लोटले तर विकेंद्रित हा शब्द पाटीपुरता उरतो, कारण त्या सर्व्हरवरून कितीही कचरा आला तरी त्याला अडवण्याची हिंमत मग कोणाला होणार नाही. फेब्रुवारी २०२४ मधली स्पॅमची लाट आठवा. नोंदणी सताड उघडी आणि देखरेख कोणाची नाही, अशा सर्व्हरांवरूनच ती आली होती. चाळणी मी हौसेने लावलेली नाही.

राहिला प्रश्न कठीणपणाचा. ईमेलचा पत्ता काढताना प्रत्येक जण सेवा निवडतोच की नाही? तेव्हा कोणी परीक्षा म्हणून रडत नाही.

रातकिडा:
ईमेलचे हे उदाहरण पुन्हा कोणी दिले तर मी येथून उठून जाईन, असे मागेच सांगितले होते. तरीही बसतो आहे, कारण ते खोडणे आवश्यक आहे.

ईमेलची सेवा कोणी निवडत नाही. फोन हातात येतो तेव्हा ती निवड झालेलीच असते. मी तीन वर्षे स्वतःचा मेल सर्व्हर चालवला. पत्र खरेच माझ्याच सर्व्हरवरून आले हे पटवणाऱ्या एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क अशा सर्व नोंदी चोख ठेवल्या, तरी माझी पत्रे मोठ्या सेवांच्या स्पॅममध्ये जाऊन पडत. एका नोकरीच्या अर्जाला उत्तर का येत नाही म्हणून मी पंधरा दिवस वाट पाहिली आणि नंतर कळले की ते पत्र कोणी पाहिलेच नव्हते. नियमावली खुली असली तरी दार दोन-चार बड्या सेवांच्याच हातात असते, हा ईमेलचा खरा धडा आहे. गूगल टॉक या गूगलच्या गप्पांच्या सेवेनेही २००६ मध्ये एक्सएमपीपी या खुल्या नियमावलीवर चालणाऱ्या बाहेरच्या सर्व्हरांसाठी दार उघडले होते. २०१३ मध्ये तिच्या जागी गूगलचे हँगआउट्स आले आणि ती वाट बंद होत गेली. म्हणून मेटा कंपनीच्या थ्रेड्सने २०२३ च्या अखेरीस फेडिव्हर्सशी, म्हणजे मॅस्टोडॉन आणि तशा इतर सर्व्हरांच्या जाळ्याशी, जोडून घ्यायला सुरुवात केली तेव्हा येथे पेढे वाटण्याच्या बेतात असलेल्यांची मला कीव आली.

खांबाआड:
आपले पत्र स्पॅममध्ये गेले याचे मला दुःख आहे, पण त्यासाठी अवघ्या ईमेलचे श्राद्ध घालायला नको. माझा मेल सर्व्हर आजही सुरळीत चालतो. एक्सएमपीपीचे म्हणाल तर ते गूगलने मारले ही लोककथा आहे. गूगल येण्याआधी तरी ते सर्वसामान्यांच्या हातात कुठे होते? स्वतःची मांडणी चुकली की बड्या कंपन्यांना शिव्या देणे सोपे असते.

रातकिडा:
"मांडणी चुकली" हे आपण माझी मांडणी न पाहताच ठरवलेत. नवख्यांना पळवून लावणारा हाच तो स्वर.

कोरीपाटी:
आपल्या दोघांच्या मेल सर्व्हरांना दीर्घायुष्य लाभो. ज्या साध्या वापरकर्त्यांबद्दल वाद चालला आहे त्यांपैकी मी एक आहे, म्हणून थोडे बोलते.

मी सर्व्हर निवडला होता, अगदी नियमावली वाचून. दीड वर्षाने चालकांनी थकल्याचे सांगून तो बंद केला. त्यांनी महिनाभर आधी कळवले, म्हणून निदान अनुयायी नव्या खात्यावर नेता आले; लिहिलेले सगळे मात्र जुन्या जागीच राहिले आणि त्या सर्व्हरबरोबर गेले. सूचना न देता तो बंद पडला असता तर अनुयायीही गेले असते. तेव्हा कोणता सर्व्हर चांगला, यापेक्षा तो पुढच्या वर्षी असेल का, हे मला कोणीतरी सांगायला हवे होते. खांबाआड यांच्या चाळणीत हा प्रश्न कुठेच नाही.

दुसरे म्हणजे, पहिल्याच दिवशी मी एका मांजराचे छायाचित्र टाकले आणि तिघा अनोळखी लोकांनी चित्राला वर्णन का नाही म्हणून मला झापले. वर्णन हवे हे मला पटते, कारण न दिसणाऱ्यांना त्याचाच आधार असतो. परंतु कोणी नमस्कारही केला नव्हता. शिवाय तेव्हा शोध इतका अपुरा होता की समान आवडीचे लोक सापडेनात. इतरांचे सार्वजनिक लिखाण नीट शोधण्याची सोय सप्टेंबर २०२३ च्या आवृत्तीत आली, तीही लिहिणाऱ्याने परवानगी दिली असेल तरच.

उंबरठा:
कोरीपाटी, आपण माझ्या लेखापेक्षा नेमके लिहिलेत. माझ्या यादीत "आधी नमस्कार करा" हे कलम घालतो.

ब्लूस्काय या ट्विटरसारख्याच दुसऱ्या ठिकाणी हा सर्व्हरचा प्रश्न नवख्यापुढे येतच नाही. फेब्रुवारी २०२४ पर्यंत तेथे आमंत्रणावाचून प्रवेश नव्हता, तरी लोक आमंत्रण मागत फिरत होते.

खांबाआड:
येत नाही, कारण बहुतेक खाती एकाच कंपनीच्या यंत्रांवर आहेत! मग ट्विटर काय वाईट होते?

तरीही कोरीपाटी यांच्यासाठी एक गोष्ट मान्य करतो, आणि ती केवळ त्यांच्यासाठी. सर्व्हर बंद करायची वेळ आली तर किमान तीन महिने आधी कळवीन, हे मी आजच नियमावलीत लिहितो. इतकी वर्षे ते सुचले नाही, हे खरे आहे. उंबरठा यांना आमंत्रणाचा दुवाही पाठवतो. तो पाच जणांपुरता आणि आठवडाभर चालेल, आणि त्यावरून येणारा आपोआप माझ्या खात्याचा अनुयायी होईल, म्हणजे पान निदान रिकामे दिसणार नाही. बारा जण आणू नका. त्या पाच जणांच्या तक्रारी आपण निस्तरायच्या आणि चित्रांना वर्णन लिहायला आपणच शिकवायचे.

उंबरठा:
मान्य. ताईला विचारले. तिचा प्रश्न असा आहे की वर्णनाला किती गुण आहेत.

रातकिडा:
ईमेलच्या मुद्द्याला अजून उत्तर आलेले नाही, याची नोंद घ्यावी.