समोरच्या बिल्डिंगमध्ये आग लागली, बंबवाल्यांनी भलत्याच खोलीची काच फोडली. काऊन?

मानेवाड्याची_माई

परवा दुपारी तीनच्या सुमारास आमच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या माळ्यावर आग लागली. बाहेर ४५ डिग्री, रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. कूलर आणि टीव्ही एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर होते, तो बोर्ड पलंगाखाली. आधी पलंगाखालून धूर, मग गादी पेटली. घरात आजी एकटीच होती. बाजूच्या पोट्ट्यांनी तिला वेळेत बाहेर काढलं, म्हणून निभावलं.

मी गॅलरीतून सगळं पाहत होते. तेव्हापासून डोक्यात प्रश्न घोळून राहिले. कोणी जाणकार असेल तर सांगा बाप्पा.

१०१ ला फोन मीच लावला. इथं जीव वरखाली, आणि तिकडचा माणूस शांतपणे विचारतो, कोणता माळा, काय पेटलं, आत कोणी आहे का, गल्लीत गाडी वळते का. इतक्या वेळात आले असते ना!

बंब आला. दोघं पाइप घेऊन वर धावले, पण पाइप चपटाच. पाणी नाही. खाली लोक ओरडायला लागले की रिकामी गाडी घेऊन आले. पाणी आलं, पण बऱ्याच वेळानं.

आग बेडरूममध्ये, आणि यांनी पहिले कूलर ओढून खाली पाडला, मग हॉलची काच फोडली. हॉलमध्ये तर आग नव्हतीच! आग विझल्यावर अर्धवट जळलेली गादी गॅलरीतून खाली फेकली आणि तिच्यावर आणखी पाणी मारत बसले. घरमालक संध्याकाळपर्यंत काचेच्या नावानं शिव्या देत होता.

आणि शेवटचं. माझा मुलगा यंदा दहावीत. त्या दिवसापासून म्हणतो, मला हेच करायचं. दिवसभर हे लोक करतात तरी काय? भीती वाटत नाही का?

चेतन_बर्डी

माई, पाणी नव्हतंच. माझ्याकडे कुणाचा तरी व्हिडिओ आला, त्यात पाइप लोळागोळा दिसतो. आपल्याकडे सगळं असंच.

निवृत्त_बंबवाला

माई, नमस्कार. ३१ वर्षं बंबावर काढली, लीडिंग फायरमन म्हणून सुटलो. चेतनभाऊ, तुमच्यापासूनच सुरुवात करतो, कारण हे ‘रिकामी गाडी’ मी नोकरीत हजारदा तरी ऐकलं असेल.

आमचा जाड होज, म्हणजे तोच चपटा दिसलेला पाइप, ६३ मिलिमीटरचा असतो. १५ मीटरच्या एका होजमध्ये जवळपास ४७ लिटर पाणी मावतं. म्हणजे ४७ किलो, होजचं वजन वेगळं. तिसऱ्या माळ्यापर्यंत असे दोन-तीन होज जोडावे लागतात. भरलेला होज घेऊन जिना चढून दाखवा, मी तुमच्या घरी पाणी भरीन. म्हणून होज कोराच वर न्यायचा, दारापाशी जागा धरायची, ब्रांच, म्हणजे पाण्याचं ते पितळी तोंड, घट्ट पकडायचं आणि मग खाली ओरडायचं, ‘वॉटर ऑन!’ त्याच्या आधी पंपवाल्यानं पाणी सोडलं तर होज जिन्यात अजगरासारखा अडकतो आणि कोणाचा तरी पाय मोडतो. व्हिडिओत चपटा पाइप दिसला ना? बरोबर दिसला. तेच आमचं काम.

हां, पाणी संपतं हेही खरं. साध्या वॉटर टेंडरमध्ये, म्हणजे नेहमीच्या बंबात, ४,५०० लिटर. एका ब्रांचनं मिनिटाला साडेचारशे लिटर धरा, दहा मिनिटांत टाकी कोरडी. म्हणून मोठ्या आगीला मागून बाऊझर, म्हणजे पाण्याचा मोठा टँकर, बोलावतात.

फोनवरचे प्रश्न. माई, तुम्ही बोलत होत्या तेव्हा गाडी निघालेली असते. पत्ता कळला की घंटा होते, माणसं चढतात. पुढचं जे विचारतात ते वाटेतल्या गाडीला सांगण्यासाठी. आणि नागपुरात पत्ता म्हणजे काय, तुम्हाला ठाऊकच आहे. ‘पानठेल्याच्या बाजूला, हनुमान मंदिरासमोर.’ हनुमान मंदिर कोणत्या गल्लीत नाही सांगा! महाल-इतवारीत तर गाडी वळतच नाही. बडकस चौकाच्या पुढे आम्ही किती वेळा गाडी मोठ्या रस्त्यावर सोडून सहा-सात होज जोडत पायी गेलो, त्याचा हिशेब नाही. त्यात कुणाची स्कूटी आडवी लावलेली, मालक झोपलेला.

आता काच. हे नीट सांगतो, कारण हे लोकांना पटतच नाही.

माणूस आगीनं कमी मरतो, धुरानं जास्त. तुमच्या समोरची गादी फोमची असेल तर तिच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, सायनाइडचा वायूही असतो. आजी आणखी पाच मिनिटं आत राहिली असती तर जाळ तिच्यापर्यंत पोचायच्या आधीच ती गेली असती. धूर तापलेला असतो, तो वर जातो, छताला लागतो, मग दारावरून बाजूच्या खोलीत सरकतो आणि तिथंही वरून खाली भरत येतो. तुम्हाला हॉलमध्ये आग दिसली नाही, कारण तिथं नुसता धूर होता. त्या धुराचं तापमान छताजवळ पाचशे-सहाशे डिग्रीच्या घरात गेलं की हॉलमधला सोफा, पडदे, गणपतीचं मखर, सगळं एकदम पेटतं. एकेक वस्तू नाही, अख्खी खोली. त्याच्या आधी धुराला वाट द्यायची असते. काच फोडली ती त्यासाठी.

मग बेडरूमचीच खिडकी का नाही फोडली? कारण नागपुरात बेडरूमला मे महिन्यात खिडकीच नसते. तिथं कूलर असतो! लोखंडी स्टँडवर, ग्रिलला बांधलेला, मागे गवताच्या जाळ्या. धूर बाहेर जायला जागा नाही, आणि कूलर चालू असेल तर तो बाहेरची हवा आत ढकलतो, म्हणजे आगीला फुंकणी. म्हणून पहिले मेन स्विच पाडला, मग कूलर ओढला. त्यांनी पाणी मारायला जरा वेळ लावला असेल तर तोही मेन स्विचसाठीच. करंट चालू असलेल्या कूलरवर पाणी मारणाऱ्याला घरी पोचवायला दुसरी गाडी लागते.

घरमालकाला सांगा, काच काहीशे रुपयांची होती, हॉल लाखाचा होता. शिव्या द्यायला मोकळाच आहे तो, आम्हाला सवय आहे.

गादी खाली का फेकली? कापसाची गादी असेल तर विचारूच नका. वरून विझलेली दिसते, आत तासन् तास धुमसत राहते. रात्री दोन वाजता पुन्हा पेटते. तिला उसवून, पिंजून, भिजवून सोडावं लागतं, आणि ते घरात करता येत नाही.

दिवसभर काय करतो? सकाळी परेड. मग प्रत्येक गाडी तपासायची, पंप चालवून बघायचा, शिडी, दोर, बॅटऱ्या. वापरलेले होज धुऊन उन्हात टांगायचे. आणि कॉल फक्त आगीचे नसतात. विहिरीत पडलेली गाय, संक्रांतीला नायलॉन मांजात अडकलेली घार, उन्हाळ्यात भांडेवाडीच्या डेपोतला कचरा, तो तर आतून जळतो, वरून कितीही पाणी मारा. २०२३ च्या सप्टेंबरात अंबाझरी तलाव ओसंडून पहाटे घरांत पाणी शिरलं, तेव्हा मी घरी बसलेलो, पण माझ्या पोरांनी बोटीतून माणसं काढली. पोरं म्हणजे माझ्या हाताखाली शिकलेली.

भीती. वाटते. न वाटणाऱ्याबरोबर मी आत जात नसे.

एकदा मिरचीच्या गोदामाला आग लागली. सुक्या लाल मिरचीची पोती, छतापर्यंत थप्पी. पाठीवर हवेचा सिलिंडर, म्हणजे बी.ए. सेट. त्यात ३०० बारच्या दाबानं १,८०० लिटर हवा असते. कागदावर पाऊण तास. पोती ओढत असताना वीस-पंचवीस मिनिटं पुरली तर नशीब. हवा संपत आली की सेट आपोआप शिट्टी वाजवतो. शिट्टी झाली की हातात काहीही असो, सोडायचं आणि फिरायचं. मी फिरलो नाही. एवढी एक थप्पी पाडू म्हटलं. आत स्वतःचा हात दिसत नव्हता. माझ्या जोडीदारानं मागून पट्टा धरून मला अक्षरशः फरफटत काढलं आणि बाहेर आल्यावर सगळ्यांसमोर कानाखाली वाजवली. बरोबर केलं त्यानं. आत जाताना जोडीनं, बाहेर येताना जोडीनं.

तोंडावर मास्क होता, पण मान आणि मनगटं उघडी. मिरचीचा धूर घामात बसतो. घरी गेलो तर बायकोनं दारातच अडवलं. अंगणात बंब पेटवून ठेवला होता तिनं, पाणी तापवायचा. मी म्हटलं, गरम पाणी नको गं बाई, आग आग होऊन राहिली! ड्युटीवर बंब, घरी बंब. त्या रात्री माठातलं पाणी अंगावर घेतलं.

फायरवाला_पोट्टा

काकांना सलाम. माई, मुलाच्या प्रश्नाचं मी सांगतो, मी इथंच शिकून राहिलो.

एक तर तुम्ही नशीबवान, देशाचं राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालय आपल्या गावातच आहे. १९५६ मध्ये उत्तर प्रदेशात रामपूरला सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी नागपूरला आलं. बारावी सायन्स, गणित घेऊन, केलं तर चार वर्षांचं फायर इंजिनिअरिंग करता येतं. दहावीनंतर थेट फायरमन व्हायचं तर सहा महिन्यांचा अग्निशामक कोर्स करून भरतीच्या जाहिराती पाहायच्या. जाहिरातीत मुलांसाठी साधारण उंची १६५ सेंटिमीटर, वजन ५० किलो, छाती ८१ आणि फुगवून ८६ असं असतं. प्रत्येक जाहिरात नीट वाचा, अटी बदलतात.

आणि मुलगी असेल कोणाच्या घरी तर तिलाही सांगा. हर्षिनी कान्हेकर आपल्या नागपूरच्याच. २००२ मध्ये या कॉलेजात आल्या तेव्हा तिथं आधी एकही मुलगी शिकलेली नव्हती.

१४ एप्रिलला या. १९४४ मध्ये त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजाचा स्फोट झाला. कापूस आणि दारूगोळा एकाच जहाजात भरलेला. विझवायला गेलेले अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. म्हणून तो दिवस अग्निशमन सेवा दिन म्हणून आणि पुढचा आठवडा अग्निशमन सप्ताह म्हणून पाळतात.

निवृत्त_बंबवाला

आणि नागपुरात त्याच दिवशी बाबासाहेबांची जयंती. सकाळी स्टेशनवर मौन, छातीला छोटा झेंडा, आणि तासाभरात दीक्षाभूमीच्या किंवा संविधान चौकाच्या बंदोबस्ताला गाडी उभी. निळ्या गर्दीतून कोणी ना कोणी सरबताचा ग्लास आणून देतंच.

चौथा_माळा

मी एका सोसायटीचा सेक्रेटरी आहे, बदनाम प्राणी. माईंच्या पोस्टनंतर काल आमच्याकडची आगीसाठीची लाल पेटी उघडली. आत होज आहे, ब्रांच गायब! आग विझवायच्या सिलिंडरवरची तारीख तर विचारूच नका. मागच्या एजन्सीनं न बघताच सर्टिफिकेट दिलं होतं असं दिसतं.

निवृत्त_बंबवाला

सेक्रेटरी साहेब, ब्रांच पितळेचा असतो, भंगारात चांगला भाव येतो. दर दुसऱ्या बिल्डिंगमध्ये हेच. महाराष्ट्रात २००६ चा कायदा आहे, त्याप्रमाणे जानेवारीत आणि जुलैत यंत्रणा चालू असल्याचं लायसनवाल्या एजन्सीकडून लिहून घ्यावं लागतं. कागद घेण्याआधी त्या माणसासमोर पंप चालू करून गच्चीवर पाणी येतं का ते पाहा. पाच मिनिटांचं काम. आणि गच्चीच्या दाराला कुलूप असेल तर किल्ली कोणाकडे असते तेही विचारा. आम्हाला बहुतेक वेळा उत्तर मिळायचं, ‘ते गावाला गेले.’

मानेवाड्याची_माई

काका, किती नीट सांगितलंत! तुमची पोस्ट मी घरमालकाला वाचून दाखवली. तो म्हणाला, मग गादी तरी नवीन घेऊन द्या. आजी मात्र हसली.

आमचा पलंगाखालचा बोर्ड काढला. कूलरला आता भिंतीतला वेगळा पॉइंट, इलेक्ट्रिशियन आजच येऊन गेला.

पोट्ट्याचे दोन प्रश्न राहिले. मी त्या लोकांना चहा करून दिला होता, त्यांनी घेतला नाही, घाईनं निघून गेले. त्याला वाटतं रागावले. आणि धुराचा वास अंगाचा किती दिवसांनी जातो? आमची उंची भरते हो, १६७. मोजून घेतली त्यानं दोनदा.

निवृत्त_बंबवाला

रागावले नाहीत. आग विझली तरी गाडी मोकळी होत नाही. टाकी पुन्हा भरायची, ओले होज काढून कोरडे चढवायचे, सिलिंडर बदलायचे, तेव्हा कंट्रोल रूमला सांगता येतं की आम्ही पुढच्या कॉलला तयार. तोवर चहा म्हणजे जिवावर येतं. थर्मासमध्ये भरून स्टेशनवर नेऊन द्या कधी, बघा कसे पितात.

वास अंगाचा दोन आंघोळींत जातो. दाढीचा जात नाही. पण दाढीचा प्रश्नच येत नाही, कारण दाढी असली की मास्क गालाला चिकटत नाही, फटीतून धूर आत येतो. रोज घोटून दाढी करावी लागते. त्याला नुकती फुटू लागली असेल, तर म्हणावं, दोन-तीन वर्षं हौस करून घे.